फॉन्ड्यू दर वेळी टेबलावरच का फाटतं?

फॉन्ड्यू म्हणजे वाइनमध्ये वितळवलेलं चीज; भांडं टेबलावर छोट्या बर्नरवर ठेवायचं आणि लांब काट्याला पाव टोचून त्यात बुडवून खायचा. शेगडीवर सगळं छान जमलेलं असतं. चीज वाइनमध्ये विरघळून मऊ, चकचकीत झालेलं, चमचा उचलला की रुंद पट्टीसारखं ओघळणारं. भांडं टेबलावर आणून बर्नरवर ठेवावं, तर सगळे काटे सरसावून बसलेलेच असतात. पहिली दहा मिनिटं कौतुकात जातात. मग भांड्याच्या कडेला तेलकट मणी दिसायला लागतात. काटा फिरवला की चीज पूर्वीसारखं वाहत नाही, एका अंगाला सरकतं. आणखी थोड्या वेळात वर पिवळा तवंग आणि खाली च्युइंगमसारखा गोळा. पाव त्यात बुडत नाही, नुसता वर आपटतो.

माझं असं तीनदा झालं. पहिल्यांदा मी चीजला दोष दिला, दुसऱ्यांदा वाइनला, तिसऱ्यांदा कृतीला. प्रत्येक वेळी फॉन्ड्यू शेगडीवर चांगलंच असायचं आणि टेबलावर गेल्यावरच फाटायचं, ही साधी गोष्ट लक्षात यायला चौथी वेळ उजाडावी लागली. म्हणजे बिघडवणारं जे काही होतं ते टेबलावर होतं. आणि टेबलावर नवीन असं एकच होतं: भांड्याखालची आच.

फॉन्ड्यूचा सेट विकत घेताना आपण त्याच्याकडे छोटी शेगडी म्हणून बघतो. चीजच्या बाबतीत तो शेगडी नाहीच. चीज शिजवायचं स्वयंपाकघरात; सेटचं काम ते तासभर आहे तसं राखायचं. ज्या सेटची आच हे काम करू शकत नाही, त्यात कितीही महागाचं चीज घाला, ते फाटणार किंवा थिजणार.

आधी पाण्याची चाचणी

चीजवर पैसे आणि संध्याकाळ खर्च करण्याआधी एक फुकटची चाचणी करा. भांड्यात अर्धा लिटर पाणी घ्या. शेगडीवर ते 70 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवा. थर्मामीटर नसेल तर वाफ निघते आहे, तळाशी बारीक बुडबुडे चिकटलेत, पण उकळी नाही, असा टप्पा धरा. आता भांडं सेटच्या स्टँडवर ठेवा, बर्नर पेटवा आणि झाकण-पट्टी फिरवून ज्योत जितकी लहान होईल तितकी करा. वीस मिनिटं हात लावू नका.

वीस मिनिटांनी पाणी उकळायला लागलं असेल, तर ही आच चीजसाठी फार मोठी आहे. पाणी अंघोळीच्या पाण्याइतकं कोमट झालं असेल, तर फार लहान. वाफ येत राहिली पण उकळी फुटली नाही, तर सेट कामाचा.

यात एक मेख आहे, आणि माझी फसगत तिथेच झाली होती. पाणी स्वतःच फिरत असतं. तळाचं तापलेलं वर येतं, वरचं खाली जातं, म्हणून आच कुठे एका जागी साचत नाही. फॉन्ड्यू घट्ट असतं, ते असं फिरत नाही. ज्योतीच्या बरोबर वरची रुपयाएवढी जागा पाण्याच्या भांड्यात निरुपद्रवी असते, चीजच्या भांड्यात मात्र तिथेच चीज करपतं आणि फाटायला सुरुवात होते. म्हणून पाण्याला जे 'ठीक' वाटतं त्याहून थोडी कमीच आच चीजला द्यायची. याच चाचणीत एकदा भरलेलं इंधन किती वेळ पुरतं तेही घड्याळ लावून बघून ठेवा. पुढे त्याचा उपयोग आहे.

आच फार मोठी निघाली तर

बहुतेक वेळा हेच निघतं, कारण स्पिरिटचे आणि जेलचे बर्नर तेलाचं किंवा सूपचं फॉन्ड्यूही (म्हणजे गरम तेलात किंवा सूपमध्ये मांसाचे तुकडे बुडवून शिजवायचे) पेलेल अशा बेताने बनवलेले असतात. ज्योत कमी करायची पट्टी अर्धवट बंद करून बघा. तेवढ्याने भागलं नाही तर ज्योत आणि भांडं यांच्यामध्ये आच पसरवणारी धातूची जाड चकती ठेवा. शेगडीवर वापरायच्या अशा चकत्या मिळतात. ज्योतीचं टोक एका जागी लागण्याऐवजी सगळा तळ सारखा तापतो. माझा निम्मा त्रास या एका चकतीने गेला. मात्र चकती ठेवून भांडं स्टँडवर डगमगत असेल तर हा नाद सोडा. उकळतं चीज मांडीवर सांडण्यापेक्षा फाटलेलं फॉन्ड्यू परवडलं.

उरलेला निम्मा त्रास भांड्याचा होता. माझ्याकडे पातळ स्टीलचं, उभट, तोंडाशी निमुळतं होत जाणारं भांडं होतं. सेटच्या खोक्यावर चीज, तेल, चॉकलेट तिन्हींचे फोटो होते, म्हणून मी तिन्हीसाठी तेच वापरत होते. प्रत्यक्षात ते भांडं तेलाचं होतं. तोंड निमुळतं असतं ते तेल उडू नये म्हणून, आणि पातळ धातू तेलाला चालतो कारण तेल पाण्यासारखंच स्वतः फिरतं. चीजसाठी स्वित्झर्लंडमध्ये वापरतात ते काकलॉन वेगळंच असतं: रुंद, उथळ, जाड बुडाचं, एका बाजूला दांडा असलेलं, चिनीमातीचं, भाजलेल्या मातीचं किंवा एनॅमल चढवलेल्या बिडाचं. जाड बूड हळू तापतं, आच सगळीकडे वाटून देतं आणि ज्योत क्षणभर भडकली तरी चीजला त्याचा पत्ता लागू देत नाही. रुंद तोंडामुळे प्रत्येकाचा काटा तळापर्यंत पोचतो. तो का पोचायला हवा, ते पुढे येईलच.

आच फार लहान निघाली तर

नंतर मी शहाणपणा करून चिनीमातीचं छोटं भांडं आणि खाली टीलाइट मेणबत्ती असलेला सेट घेतला. दिसायला देखणा. त्यात फॉन्ड्यू फाटलं नाही, थिजलं. वर साय धरली, मग ती साय रबरासारखी झाली. मेणबत्तीचा सेट चॉकलेटसाठी उत्तम. चार जणांच्या चीजला मात्र ती पुरत नाही. दोघांपुरतं थोडं चीज असेल, भांडं आधी गरम पाण्याने तापवून घेतलं असेल आणि खाणारे रेंगाळणारे नसतील, तरच जमतं.

थिजलेलं चीज फाटलेल्यापेक्षा बरं, हे मात्र खरं. भांडं परत शेगडीवर नेऊन, दोन चमचे गरम वाइन घालून मंद आचेवर ढवळलं की ते पुन्हा वाहतं होतं. हे एकदा करावं. तिसऱ्यांदा करायला गेलात तर फाटेलच.

आच बरोबर आहे, तरीही फाटतं

आता चीजकडे वळू. चीजमधलं प्रथिन म्हणजे केसीन. त्याचे कण कॅल्शियमच्या सांध्यांनी एकमेकांना बांधलेले असतात आणि त्या जाळीत चरबी अडकून राहिलेली असते. तापवताना हे सांधे नीट सैल झाले, तर प्रथिन पाण्यात पसरतं आणि चरबीच्या थेंबांना धरून ठेवतं. त्यालाच आपण 'छान विरघळलं' म्हणतो. सैल न होता नुसतं तापलं तर प्रथिनं आखडून एकत्र येतात, गोळा होतो आणि चरबी सुटून वर तरंगते.

सांधे सैल करायचं काम आंबटपणा करतो. वाइनमधलं टार्टारिक आम्ल आणि लिंबातलं सायट्रिक आम्ल कॅल्शियमला आपल्याकडे ओढून घेतात. म्हणून फॉन्ड्यूत वाइन असते ती नुसती चवीसाठी नव्हे, आणि म्हणूनच ती पांढरी, कोरडी आणि चांगली आंबट हवी. गोडसर वाइन घातली तर काम अर्धवट होतं. वाइन नको असेल तर पाणी किंवा गोडी कमी असलेला सफरचंदाचा रस घ्या, पण लिंबाचा रस सढळ हाताने घाला. 400 ग्रॅम चीजला साधारण 200 मिलिलिटर द्रव आणि एक मोठा चमचा लिंबाचा रस. वाइन असली तरी अर्धा चमचा लिंबू घालायला हरकत नाही. मी घालतेच.

दुसरा आधार कॉर्नफ्लॉवरचा. झुरिकमधल्या 1699 सालच्या एका पाककृतींच्या संग्रहात चीज वाइनमध्ये शिजवायची कृती सापडते. कॉर्नफ्लॉवर स्वित्झर्लंडमध्ये आलं ते 1905 च्या सुमाराला. म्हणजे मधली दोनशे वर्षं लोक त्याच्याशिवायच निभावत होते, आणि त्यांचंही किती वेळा फाटलं असेल कोण जाणे. स्टार्चचे कण फुगून प्रथिनांच्या मध्ये बसतात आणि त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. 400 ग्रॅम चीजला दोन ते तीन छोटे चमचे पुरतात. ते द्रवात ओतण्याऐवजी किसलेल्या चीजला कोरडंच चोळून घ्या, गुठळ्या होत नाहीत. आणि एक गैरसमज: फॉन्ड्यूला एकही बुडबुडा येऊ द्यायचा नाही, असं बरेच जण सांगतात. कॉर्नफ्लॉवर घातलेल्या फॉन्ड्यूला शेगडीवरच मिनिटभर हलके बुडबुडे येऊ द्यावे लागतात, नाहीतर स्टार्च कच्चा राहतो, जिभेला पिठूळ लागतो आणि त्याचा आधारही मिळत नाही. खळखळून उकळणं वेगळं. हवा तो बुडबुडा आळशी असतो. वर येतो, जरा थांबतो, मग फुटतो.

याला अपवाद स्वित्झर्लंडच्या फ्रिबूर्ग भागातलं फॉन्ड्यू. ते नुसत्या वाशरँ फ्रिबुर्जवा चीजचं असतं, त्यात वाइनऐवजी पाणी घालतात आणि ते अगदी कोमट ठेवतात. त्याला उकळी दाखवली की संपलं. नेहमीचं फाटत असेल तर नवशिक्याने या वाटेला जाऊ नये.

चीज कोणतं, हा प्रश्न उरतो. फार कोवळं, लवचीक चीज, उदाहरणार्थ मोझरेला, तारा काढतं. या तारा पिझ्झ्यावर शोभतात, इथे गळ्यात येतात. फार मुरलेलं, पार्मेसानसारखं कडक चीज एकट्याने घातलं तर रवाळ होतं. फॉन्ड्यूला मधल्या वयाचं चीज मानवतं. ग्रुयेर किमान पाच महिने मुरवलेलं असतं आणि त्याला जोड म्हणून मऊ वितळणारं दुसरं चीज घेतात. ग्रुयेर आणि वाशरँ निम्मं-निम्मं घातलं की ते म्वातिए-म्वातिए, म्हणजे 'अर्धं-अर्धं'. ग्रुयेरसोबत एमेंटाल घातलं की नशातेल या स्विस भागाच्या पद्धतीचं. याच चीजवर अडून बसायची गरज नाही. 'एक मुरलेलं, एक मऊ' हे सूत्र सांभाळलं तर दुसऱ्या चीजचंही जमतं. तयार किसलेलं पाकीट टाळा. किसाला चिकटू न देणारी पावडर त्यात आधीच लावलेली असते, आणि मग स्टार्चचं माप आपल्या हातात राहत नाही.

घालताना चीज फ्रीजमधून थेट नको, खोलीच्या तापमानाचं हवं. द्रव आधी वाफाळेपर्यंत तापवा, आच मंद करा, आणि मग मूठ-मूठ चीज घाला. पहिली मूठ पूर्ण विरघळल्याशिवाय दुसरी नाही. इथे घाई करणारा माणूस मी आहे, म्हणून मी किस चार वाट्यांत वाटून ठेवते. वाटी रिकामी झाली की थांबणं आपोआप होतं. ढवळायचं लाकडी उलथन्याने, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं. गोल गोल ढवळलं की मधलं चीज मधेच बसतं, आणि ज्योत नेमकी मध्ये असते.

फाटलंच, आता काय?

कडेला मणी दिसले त्याच क्षणी भांडं बर्नरवरून उचला. पाहुणे बघतायत म्हणून तसंच ढवळत बसू नका. मी बसले आहे, काही उपयोग होत नाही. शेगडीवर न्या. एका वाटीत एक छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर, दोन मोठे चमचे वाइन किंवा पाणी आणि अर्ध्या लिंबाचा रस नीट कालवा. भांडं मध्यम आचेवर ठेवून हे मिश्रण थोडं थोडं ओता आणि तारेच्या व्हिस्कने जोरात फेटा. पहिलं अर्धं मिनिट आणखीच भयंकर दिसतं, चोथा आणि पाणी वेगळं. घाबरायचं नाही. एखाद-दोन मिनिटांत ते पुन्हा धरायला लागतं. मणी नुकते दिसू लागले असतील तर हे जवळजवळ नेहमी जमतं. घट्ट गोळा झाला असेल आणि चीज थंडही पडलं असेल तर जमत नाही. तो गोळा पावावर पसरून भट्टीत भाजून खावा.

ज्यांना कायमचा बंदोबस्त हवा आहे त्यांच्यासाठी सोडियम सायट्रेट. हे सायट्रिक आम्लाचं मीठ कॅल्शियमला इतकं चोख बांधतं की चीज फाटणं अवघड होऊन बसतं. 400 ग्रॅम चीजला 8 ग्रॅम, आधी द्रवात विरघळवून. खारट असतं, म्हणून वेगळं मीठ घालू नका. कुणाला यात लबाडी वाटते. पण 1911 साली स्वित्झर्लंडमधल्या थून गावी वाल्टर गेर्बर आणि फ्रिट्झ स्टेटलर यांनी प्रोसेस्ड चीज बनवलं ते याच मिठाच्या जोरावर, तेव्हा युक्ती फॉन्ड्यूच्या देशातलीच आहे. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन-तीन वेळा बिनदिक्कत घालावं. आचेचा अंदाज आला की सोडून द्यावं, कारण त्याने पोत जरा जास्तच गुळगुळीत, पाकिटातल्यासारखा होतो.

पातळ झालं असेल तर मूठभर चीजला थोडं कॉर्नफ्लॉवर चोळून घाला आणि शेगडीवर हलके बुडबुडे येऊ द्या. घट्ट झालं असेल तर वाइन घाला, पण गरम करून. थंड वाइन ओतली की तिथल्या तिथे गुठळी होते.

काटे, पाव आणि खाणारे लोक

फॉन्ड्यू टेबलावर टिकतं ते खाणाऱ्यांमुळे. प्रत्येकाने काटा बुडवताना तळापर्यंत नेऊन एकदा आठचा आकडा काढला, की भांडं सतत ढवळत राहतं. लोक गप्पांत रमले आणि पाच मिनिटं कुणीच पाव बुडवला नाही, तर तळाला लागायला तेवढं पुरतं. पहिल्या घासाआधीच सगळ्यांना हे सांगून ठेवते. जरा मास्तरकी वाटते, पण चालतं.

पाव भांड्यात पडतो ही दुसरी नेहमीची तक्रार. पाव ताजा आणि लुसलुशीत असेल तर पडणारच. आदल्या दिवशीचा, टणक कवचाचा पाव घ्या आणि तुकडे असे कापा की प्रत्येकाला एका बाजूने कवच राहील. काटा मऊ बाजूने खुपसून कवचात रुतवायचा. चीजच्या काट्याला सहसा तीन दाते असतात आणि पाव त्यावर धरून राहतो. मांसाच्या काट्याला दोनच, टोकाला उलटे खाचे असलेले. सेट घेताना हे बघावं. दांड्याच्या टोकाला वेगवेगळे रंग असतात ते आपला काटा ओळखता यावा म्हणून. चीजमध्ये त्याचं महत्त्व शिष्टाचारापुरतं, कच्चं मांस बुडवताना मात्र ते खरोखर हवं. आणि तेलातला काटा थेट तोंडात घालायचा नाही, त्याची टोकं ओठ भाजतील इतकी तापलेली असतात. घास ताटात काढून साध्या काट्याने खायचा.

तेलाच्या सेटची गोष्ट निराळी

इथे समस्या उलटी असते. बर्नरची आच पुरत नाही आणि मांस तळण्याऐवजी तेलात नुसतं भिजत पडतं. तेल शेगडीवरच 180 ते 190 अंशांपर्यंत तापवून आणा. पावाचा छोटा तुकडा अर्ध्या ते पाऊण मिनिटात सोनेरी झाला की समजा तापलं. बर्नर तेवढं तापमान नुसतं टिकवून धरतो, वाढवू शकत नाही. सहा जणांनी सहा थंड तुकडे एकदम सोडले की तेल गार पडतं, म्हणून एका वेळी तीन-चार काटेच. तुकडे फ्रीजमधून आधी बाहेर काढा आणि कागदाने कोरडे टिपून घ्या, नाहीतर तडतड उडेल.

भांडं धातूचंच हवं आणि ते निम्म्याहून जास्त भरायचं नाही, एक तृतीयांश भरलं तर आणखी बरं. चिनीमातीच्या किंवा मातीच्या काकलॉनमध्ये तेल कधीही तापवू नका. थंड घास पडला की भांडं तडकू शकतं, आणि खाली उघडी ज्योत असते. तेलाने पेट घेतलाच तर पाणी नाही, झाकण. ते झाकण हाताशी ठेवूनच बसायचं.

सूपचं फॉन्ड्यू या सगळ्यात सोपं. पाणचट द्रव स्वतः फिरतो, उकळला तरी बिघडत नाही. ज्यांच्या बर्नरची आच चीजला फार मोठी निघाली त्यांनी खुशाल इकडे वळावं. मांस शिजवून झालं की शेवटी उरलेलं सूप पुन्हा एकदा खळखळून उकळूनच प्यायचं.

चॉकलेट

न्यूयॉर्कमधल्या शाले स्विस या रेस्टॉरंटच्या कोनराड एग्ली यांनी 1960 च्या दशकात चॉकलेट फॉन्ड्यू लोकांपुढे आणलं. त्याला मेणबत्तीची आच पुरते, किंबहुना तीही कधीकधी जास्त होते. 40 ते 45 अंश हवेत, म्हणजे बोट बुडवलं तर गरम लागेल, चटका बसणार नाही. थोडंसं पाणी पडलं, धुतलेल्या स्ट्रॉबेरीवरून दोन थेंब ओघळले, की चॉकलेट घट्ट, रवाळ होऊन बसतं. लोक घाबरून ते फेकतात. उपाय उलटाच आहे: आणखी द्रव घालायचा. गरम साय किंवा पाणी चमचा-चमचा घालत फेटलं की ते परत सैल होतं. सुरुवातीलाच साय घालून केलेलं असेल तर हा प्रसंगच येत नाही.

मग सेट कोणता घ्यायचा

एकाच भांड्यात सगळं हवं असेल तर एनॅमल चढवलेलं बिडाचं. चीजला लागतो तो जाडपणा त्यात आहे, सूपही होतं, इंडक्शन शेगडीवरही चालतं. तेलासाठी वापरण्याआधी मात्र उत्पादकाची सूचना वाचा. वजनाला भारी असतं आणि दांडा तापतो, तेवढी तयारी हवी. फक्त चीज करणार असाल तर चिनीमातीचं काकलॉन सुंदर. पण ते साध्या इंडक्शनवर तापणार नाही, आणि गरम भांड्याला थंड पाणी लागलं की तडा जातो. मातीचं नवीन भांडं पहिल्यांदा वापरण्याआधी त्यात दूध-पाणी निम्मं-निम्मं घालून मंद आचेवर उकळून घेतात. चार जणांचं, म्हणजे 800 ग्रॅम चीज बसवायला दोन ते अडीच लिटरचं भांडं घ्या. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आठचा आकडा काढता येत नाही.

विजेच्या सेटला थर्मोस्टॅट असतो, त्यामुळे आचेचा प्रश्न बराचसा सुटतो. मात्र आतल्या नॉनस्टिक लेपावर धातूचे काटे सतत घासतात आणि टेबलावरून वायर लोंबते. घरात लहान मूल असेल तर ती वायर मला ज्योतीइतकीच धोक्याची वाटते.

स्टँड आणि बर्नर दुकानातच हलवून बघा. स्टँडचे पाय रुंद हवेत, बर्नर त्याच्या खोबणीत घट्ट बसायला हवा, आणि ज्योत कमी-जास्त करायची पट्टी सहज फिरायला हवी. ही पट्टी नसलेला बर्नर चीजसाठी घेऊच नये.

इंधनाबद्दल कडक शब्दांत. पेटलेल्या किंवा नुकत्याच विझलेल्या बर्नरमध्ये स्पिरिट ओतायचं नाही. स्पिरिटची ज्योत उजेडात दिसतच नाही, विझली असं वाटतं, ओतलं की भडका बाटलीपर्यंत येतो आणि समोर बसलेल्या माणसावर जातो. मेजवानी अर्ध्यावर असताना इंधन संपलं तर भांडं शेगडीवर न्या, बर्नर पूर्ण गार होऊ द्या, टेबलापासून लांब भरा. पाण्याच्या चाचणीत वेळ मोजून ठेवायला सांगितलं ते यासाठी. पुरेल इतकं आधीच भरलं की हा प्रसंग टळतो. सांडण्याची भीती वाटत असेल तर जेलचे डबे बरे. खिडकी थोडी उघडी असू द्या.

शेवटी भांड्याच्या तळाशी जी खरवड राहते ती जळकी समजून भिजत घालू नका. स्विस लोक तिला रेलिजिएज म्हणतात आणि तिच्यासाठी भांडणं होतात. चीजचा पातळ थर उरला की ज्योत अगदी बारीक करायची, ढवळणं थांबवायचं आणि कडा तांबूस होऊन सुटायला लागल्या की उलथन्याचं टोक खाली सरकवायचं. नीट जमली तर पापडीसारखी अख्खी निघते. मग भांडं गार होऊ द्यायचं आणि त्यात थंड पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवायचं. गरम पाण्याने चीज आणखी चिकट होतं आणि घासणीच्या तारांत जाऊन बसतं. ती घासणी मग फेकावीच लागते.